दीड लाख बकऱ्या मारून कासवं वाचवली, यात चूक काय झाली?

मेघना_स
परवा इथे एक पोस्ट फिरत होती. सार असं की इक्वाडोर सरकारने गालापागोस बेटांवर हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालून लाखाच्या वर निष्पाप बकऱ्या मारल्या, तेही कासवांसाठी. 'एकाला वाचवायला दुसऱ्याचा बळी, हाच का निसर्गप्रेमींचा न्याय?' असा शेवट, आणि खाली रडक्या इमोजींची रांग. तिथे दोन ओळी लिहून भागेना, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

बकऱ्या निष्पाप होत्या, यावर वादच नाही. पण त्या तिथल्या नव्हत्या. पिंटा बेटावर १९५९ मध्ये मच्छीमारांनी तीन बकऱ्या सोडल्या, येता-जाता मटण मिळावं म्हणून. सत्तरच्या दशकात त्यांचा अंदाज ४०,००० पर्यंत गेला होता. त्या बेटाचं शेवटचं कासव म्हणजे 'लोनसम जॉर्ज'. १९७१ मध्ये तो एकटा सापडला आणि २४ जून २०१२ ला गेला. ती जात संपली.

इसाबेला बेटावरच्या अल्सेडो ज्वालामुखीचं उदाहरण घ्या. थंडीच्या, बिनपावसाच्या महिन्यांत तिथे 'गारुआ' नावाचं धुकं येतं. ते झाडांच्या पानांत आणि फांद्यांवरच्या शेवाळात अडकतं, थेंबाथेंबाने गळतं आणि झाडाखाली डबकं साचतं. महाकाय कासवं त्या डबक्यांत तासन् तास बसून असतात. बकऱ्या बेटाचे दक्षिण-उत्तर भाग जोडणाऱ्या पेरीच्या लाव्हापट्ट्यातून उत्तरेकडे घुसल्या आणि नव्वदच्या दशकात लाखाच्या घरात गेल्या. खालची रोपं खाल्ली, मोठ्या झाडांच्या साली सोलल्या. झाड मेलं की धुकं अडवायला कोणी नाही, मग डबकंही नाही. कासवाला गोळी घालायची गरजच उरली नव्हती.

१९९७ ते २००६ या काळात सांतियागो आणि उत्तर इसाबेलावरून १,४०,००० हून जास्त बकऱ्या काढल्या गेल्या. मला ते योग्य वाटतं. ज्यांना वाटत नाही, त्यांनी दुसरा मार्ग सांगावा.

स्नेहल ओ.
ती पोस्ट माझी नाही, पण रडकी इमोजी टाकणाऱ्यांत मी आहे.

कासवं कोणी संपवली? चाचे आणि व्हेल मारणारी जहाजं. कासव अन्नपाण्यावाचून महिनोन् महिने जगतं, म्हणून ती जहाजाच्या तळात उलटी रचून नेली, ताज्या मांसाचा साठा म्हणून. लाखाच्या वर कासवं अशी गेली. बकऱ्याही माणसानेच सोडल्या. म्हणजे दोन्ही गुन्हे माणसाचे आणि शिक्षा बकरीला. हे योग्य असेल, तर योग्य म्हणजे काय ते मला पुन्हा शिकावं लागेल.

आणि 'जूडास' बकऱ्यांबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलं नाहीत. बकरीच्या गळ्यात रेडिओ पट्टा घालायचा, तिची नसबंदी करायची, हार्मोन्स देऊन तिला सतत माजावर ठेवायचं आणि सोडून द्यायचं. ती बिचारी आपल्या जातीच्या सोबतीला जाणार. मागून हेलिकॉप्टर येणार, तिच्याभोवतीचे सगळे मरणार, ती एकटी उरणार. मग ती पुन्हा नवा कळप शोधणार. आमच्याकडे अपघातात पाय गेलेली एक शेळी आहे. दुसरी शेळी दिसली नाही तर ती चाऱ्याला तोंड लावत नाही. हे वाचल्यापासून मला रात्री झोप लागत नाही.

माळावरचा
मेघनाताई, तुमचं कासवांचं असेल खरं. पण 'बकरीने जंगल खाल्लं' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय आणि ते प्रत्येक वेळी आमच्याच डोक्यावर येऊन पडतं.

आम्ही माण तालुक्यातले. मेंढरं, थोड्या शेळ्या. आजोबा दर दिवाळीनंतर कोकणात उतरायचे. आता कुठल्याही माळावर जावं तर चर खणलेले, तारा ओढलेल्या, आत गिरिपुष्पाची रोपं. ज्या माळावर कधी झाड नव्हतं, तिथे झाडं लावून 'वनीकरण' म्हणायचं आणि चरायला आलो की दंड. मागच्या साली आमच्या चुलत्याची मेंढरं अडवून ठेवली. दोन कोकरं तिथेच मेली, पावती तर नाहीच. गावोगाव कुऱ्हाडबंदी-चराईबंदीचे सत्कार होतात, पण चराई बंद झाल्यावर चारणारा कुठे गेला हे कोणी विचारत नाही.

तेव्हा गालापागोसचं कौतुक इथे आणताना जपून. उद्या कोणीतरी साहेब हेच दाखवून म्हणेल, बघा, जगात बकऱ्या हटवतात.

नीलेश_वनस्पती
बकरी जंगल खाते हे खरंच आहे, त्यात भावना दुखावण्यासारखं काही नाही. मी ज्या टेकड्यांवर रोपं लावली, तिथे एका दुपारी आलेल्या कळपाने तीन पावसाळ्यांची मेहनत चाटून पुसून नेली. गालापागोसच्याच एस्पान्योला बेटावर बघा. तिथे 'ओपंशिया' निवडुंग झाडाएवढा वाढतो. कासवं त्याची पडलेली पानं-फळं खातात आणि बिया पसरवतात. बकऱ्यांनी बुंधेच कुरतडून ते आडवे केले. बकऱ्या १९७८ मध्ये संपल्या, तरी निवडुंग अजून पुरता सावरलेला नाही. चराईबंदी झाली तिथे गवत आलं, पाणी आलं, हे आपल्याकडेही दिसलेलं आहे.

माळावरचा
झालं. हेच म्हणत होतो.

नीलेशसाहेब, ती तीन पावसाळ्यांची रोपं कुठल्या जमिनीवर लावलीत? तिथे आधी कोण चारत होतं? विचारलं होतंत कोणाला? माळाला 'पडीक' हे नाव इंग्रजांनी दिलं, कारण त्यातून महसूल येत नव्हता, आणि तुम्ही शिकलेली माणसं अजून तेच धरून बसलात. त्या 'पडीक' माळावर चिंकारा आहे, खोकड आहे, लांडगा आहे. लांडगा आमच्या मेंढरांवर जगतो. आम्ही त्याला शिव्या घालतो, पण विष घालत नाही. झाडं लावून माळ बुजवलात तर माळढोक कुठे नाचणार? माळढोक बकरीने घालवला का?

नीलेश_वनस्पती
माळढोक कोणी घालवला हा विषयच नाही. तुम्ही प्रत्येक धाग्यावर हेच गाऱ्हाणं आणता. आणि अतिचराई नावाची गोष्ट अस्तित्वातच नाही असं म्हणणार असाल, तर चर्चा कशाची करायची?

माळावरचा
अतिचराई होते. का होते? दहा माळांवर फिरणारा कळप एका माळावर कोंडला की होते. कोंडला कोणी? दुपारी दोन वाजता एप्रिलच्या उन्हात कळपामागे चाललायत का कधी? नसाल तर मला अतिचराई शिकवू नका.

मेघना_स
दोघेही जरा थांबा. माळावरचे दादा, तुमच्याशी माझं भांडण नाही, उलट माझा मुद्दा तुमच्याच बाजूचा आहे.

दख्खनचं गवत खुरांखालीच वाढलेलं आहे. हजारो वर्षं काळवीट, चिंकारा, मग गुरं-मेंढरं. ते वरून खाल्लं तरी खालून फुटतं. गालापागोसची बेटं समुद्रातून ज्वालामुखीने वर आलेली, मुख्य भूमीपासून सुमारे हजार किलोमीटर लांब. तिथे खुराचं जनावर पोहोचलंच नाही. मोठा चरणारा म्हणजे फक्त कासव, आणि ते उंच उडी मारत नाही, कड्यावर चढत नाही, बकरीसारखं भराभर वाढत नाही. तिथे बकरीला खाणारा लांडगाही नाही. त्यामुळे गालापागोस दाखवून माणमध्ये चराईबंदी मागणारा साहेब अडाणी आहे, एवढं मी लेखी द्यायला तयार आहे.

स्नेहल, गुन्हा माणसाचाच आहे. पण व्हेलवाले मेले आणि बकऱ्या दरवर्षी वाढत होत्या. एकट्या सांतियागोवरच्या सुमारे ऐंशी हजार बकऱ्यांची नसबंदी करायची तर आधी ऐंशी हजार पकडायला लागतील, त्या चाकूसारख्या लाव्हावर. ते होईपर्यंत कासवाच्या किती जाती उरतील?

दर्यावर्दी
एवढ्या बकऱ्या मोजल्या, समुद्राकडे कोणी बघेल का? ऑगस्ट २०१७ मध्ये गालापागोसच्या राखीव समुद्रात एक चिनी जहाज पकडलं, 'फु युआन यू लेंग ९९९'. पोटात ३०० टन मासळी, हजारो मुशी (शार्क), त्यात संकटग्रस्त हातोडी मुशीसुद्धा. २०२० मध्ये राखीव क्षेत्राच्या हद्दीबाहेर अडीचशेहून जास्त परदेशी बोटी रांगेत उभ्या. आमच्याकडेही तेच चाललंय, एलईडी लावून रात्रीत दर्या उपसतात आणि दंड होतो छोट्या होडीवाल्याला.

आणि मेघनाताई, मच्छीमारांनी बकऱ्या सोडल्या म्हणता, तर तिथल्या मच्छीमारांची दुसरी बाजूही लिहा. नव्वदच्या दशकात समुद्रकाकडी (समुद्रतळावरचा एक मऊ प्राणी) काढायला बंदी आली. ज्यांची चूल त्यावर होती, ते १९९५ मध्ये चिडून संशोधन केंद्रावर चालून गेले आणि लोनसम जॉर्जला मारायची धमकी दिली. धमकीचं समर्थन नाही करत. पण जगभरचे पाहुणे लाखो रुपये मोजून कासव बघून जातात आणि तिथल्या पोरांना सांगतात समुद्रात हात घालू नका, तेव्हा राग कासवावरच निघतो.

मेघना_स
राग मला कळतो. पण तो जॉर्ज त्याच्या जातीचा शेवटचा होता. त्याला ओलीस धरणं मला आजही सहन होत नाही.

अजित_प
आम्ही गालापागोसला जाऊन आलोय. बाहेरचं बी बेटावर येऊ नये म्हणून विमानतळावर बायकोच्या बॅगेतून मेथीचे दाणे काढून घेतले, मुलीच्या बुटांचे तळवे पाहिले. तेव्हा फार चिडलो होतो. सांताक्रूझ बेटाच्या उंच भागात गाईडने स्कालेसियाचं जंगल दाखवलं. सूर्यफुलाच्या कुळातली झाडं, पण दोन-तीन पुरुष उंच. आणि त्यांच्याखाली नुसती काटेरी झुडपं, पाय ठेवायला जागा नाही. काय आहे विचारलं तर म्हणाला रासबेरी, तुमच्याकडचीच. मेथीचा राग तिथे उतरला.

नीलेश_वनस्पती
बरोबर, रुबस निव्हिअस. आपल्या सह्याद्रीतही आहे. तिच्या दाटीत स्कालेसियाचं बी रुजत नाही आणि जुनी झाडं मरत चालली आहेत. उलट घाणेरी तिकडची आपल्याकडे आली आणि डोंगर खाऊन बसली. गंमत नाही, गालापागोसच्या फ्लोरियाना बेटावरही ती शोभेसाठी आणली आणि तिथेही रान झालंय. सिंकोनाचं तर अजून वाईट. इक्वाडोरच्या अँडीजमध्ये क्विनाइनच्या सालीसाठी इतका तोडला की दुर्मिळ झाला. तिथूनच १८६० मध्ये रिचर्ड स्प्रूस या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने रोपं-बिया गोळा केल्या आणि निलगिरीत मळे उभे राहिले. पण सांताक्रूझवर लावलेला सिंकोना पसरून स्थानिक झाडं दाबतोय, म्हणून तिथे तो उपटतात. एकाच देशात एक झाड एकीकडे वाचवायचं आणि दुसरीकडे मारायचं.

आता एक गोष्ट लिहितो, माळावरच्यांना आवडेल. सांतियागो बेटावर बकऱ्या गेल्यावर ही रासबेरी फोफावली. इतकी वर्षं बकऱ्याच ती खाऊन आटोक्यात ठेवत होत्या.

माळावरचा
म्हणजे बकरी झुडपं आवरते. आमच्या आजीला हे वाचायला न येता माहीत होतं. बरं झालं तुम्ही लिहिलंत.

नीलेश_वनस्पती
एका बेटावरची, एका झुडपाची गोष्ट आहे. तिचा झेंडा करू नका. त्याच सांतियागोवर 'पाचाय' नावाची जमिनीवर वावरणारी छोटी पाणकोंबडी बकऱ्या गेल्यानंतर पुन्हा मोठ्या संख्येने दिसायला लागली, कारण तिला लपायला झाडोरा मिळाला.

स्नेहल ओ.
मी आणखी एक आणते, इक्वाडोरचंच. २००८ च्या राज्यघटनेत निसर्गाला हक्क देणारा हा पहिला देश. तिथे एस्त्रेयीता नावाची एक लोकरी माकडीण एका ग्रंथपाल बाईंच्या घरी १८ वर्षं राहिली होती. २०१९ मध्ये सरकारने तिला उचलून प्राणिसंग्रहालयात नेलं आणि महिन्याच्या आत ती मेली. २०२२ मध्ये त्यांच्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की नुसत्या जातीला नाही, एकेका वन्यप्राण्यालाही हक्क असतात. मग बकरीला का नाहीत? 'जात वाचली' या हिशोबात एकेक जीव कुठेच दिसत नाही, माझं दुःख एवढंच आहे.

मेघना_स
तो निकाल मोठा आहे, मलाही तो मोलाचा वाटतो. पण त्याच न्यायालयाने माणसाने प्राणी खाऊ नयेत असं म्हटलेलं नाही. प्राण्याचा हक्क त्याच्या परिसरातल्या नात्यांसकट बघायचा, असंच सांगितलं. बकरीचं त्या बेटाशी नातं एकच होतं, ती ते संपवत होती.

एकेक जीव दिसत नाही म्हणतेस, तर हा बघ. एस्पान्योलावर एका वेळी १४ कासवं उरली होती, १२ माद्या आणि २ नर. बेट इतकं उजाड की ती एकमेकांना भेटतही नव्हती. त्यांना उचलून प्रजनन केंद्रात आणलं, सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयातून 'दिएगो' नावाचा तिसरा नर आला, आणि पुढच्या दशकांत सुमारे २,००० पिल्लं वाढवून बेटावर सोडली. जून २०२० मध्ये ती म्हातारी मंडळीही परत गेली. बकऱ्या तिथे असत्या, तर सोडायचं कुठे?

स्नेहल ओ.
एस्पान्योला मान्य. दुसरा उपाय मला सुचत नाही, तेही मान्य. पण 'योग्य' हा शब्द मी वापरणार नाही. २०२३ मध्ये फ्लोरियानावर उंदीर-मांजरांसाठी विषारी आमिष टाकलं. तिथे तर माणसं राहतात, त्यांची कोंबड्या-डुकरं आहेत. प्रत्येक वेळी हे एवढं सोपं होत गेलं तर मला भीती वाटते. ज्यांनी त्या बकऱ्या मारल्या त्यांनाही त्रास झाला असेल, अशी माझी आशा आहे.

मेघना_स
सोपं होऊ नये, यावर सही करते. पण फ्लोरियानाला माझा पाठिंबाच आहे. पिन्सोन बेटावर २०१२ मध्ये उंदीर मारले आणि २०१४ च्या अखेरीस तिथे शंभर वर्षांत पहिल्यांदा कासवाची पिल्लं जगलेली दिसली. तोवर एकूण एक पिल्लू उंदीर खात होते.

माळावरचा
बेटांवरचं पटलं. माळावरचं नाही. चराईसाठी वेगळा धागा काढतोय. नीलेशसाहेब, तिथे या, आणि त्याआधी एक दिवस कळपासोबत चला. जेवायची सोय आमच्याकडे.

नीलेश_वनस्पती
येतो. मे महिन्यात नको, जूनच्या पहिल्या पावसानंतर. तेव्हा चराई दोन आठवडे पुढे ढकलली तर गवतात काय फरक पडतो ते मला तुम्हाला दाखवायचंय.

माळावरचा
दोन आठवडे मेंढरांना काय घालू, ते पण सांगायला या.