साथीच्या काळात वॉर्ड इनचार्जने स्टाफला सांभाळायचं कसं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी परिसेविका आहे, म्हणजे वॉर्डची इनचार्ज सिस्टर. पुढे परत साथ आली तर नर्सिंग स्टाफची काळजी कशी घ्यायची याचा आराखडा मेट्रन मॅडमनी मला लिहायला सांगितलाय, तो प्रशासनाकडे जाणार आहे. आणि तिथे हा विषय निघाला की योगा, मेडिटेशन आणि काउन्सेलरचं एखादं लेक्चर यापुढे गाडी जात नाही. ते वाईट नाहीच, पण नाईट संपवून निघताना जिला कळतं की ऑफ कॅन्सल झालाय आणि आज परत नाईट आहे तिला प्राणायाम शिकवून काय होणार?

कोविडमध्ये मी स्टाफ नर्स होते, मधेच बदली झाली म्हणून दोन वॉर्ड बघितले. पहिल्या ठिकाणी सूचना यायच्या व्हॉट्सअ‍ॅपवर, कधीही, कालचा नियम आज उलटा, का ते कोणी सांगायचं नाही आणि विचारलं की मेमोची भाषा. एकीने पीपीई किट (संसर्गापासून बचावाचा पोशाख) फाटलं म्हणून सांगितलं तर तिलाच सगळ्यांसमोर बोलणी बसली, त्यानंतर कोणीच काही सांगेना. दुसरीकडच्या इनचार्ज मॅडम रोज हँडओव्हरला, म्हणजे ड्युटी बदलताना, उभ्या राहून आज काय बदललं, का बदललं आणि काय अजून ठरलेलंच नाही हे सगळं सांगायच्या, किट घालून स्वतः आत यायच्या, नवीन मुलीबरोबर कायम एक सिनियर द्यायच्या. पेशंट काही कमी नव्हते हो, पण घरी जाऊन झोप लागायची.

आता हे माझं बघितलेलं झालं, प्रशासनाला पुरावा लागतो. एमी एडमंडसन या अमेरिकन संशोधिकेचा १९९६ चा अभ्यास सापडला, त्यात ज्या वॉर्डांचं टीमवर्क आणि इनचार्ज चांगले तिथे औषधांच्या चुका जास्त नोंदलेल्या दिसल्या, कारण तिथल्या नर्सेस चूक सांगायला घाबरत नव्हत्या. मला हे फार पटलं.

पण एक भीती आहे. हे सगळं लिहिलं की उद्या म्हणतील स्टाफ खचला म्हणजे इनचार्जच कमी पडली, आणि रिकाम्या पोस्टचा विषय बाजूला. तर आराखड्यात इनचार्जच्या हातातलं काय आणि वरच्यांनीच करायचं काय हे वेगळं कसं मांडू? आणि इनचार्जचं स्वतःचं काय, ती कोणाकडे बोलणार?

प्रतिसाद १ (निवृत्त अधिसेविका)

ताई, सुरुवात स्टाफच्या संख्येपासून कर. नर्सिंगच्या संशोधिका लिंडा एकन यांचा २००२ चा अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या १६८ हॉस्पिटलांचा अभ्यास जोड. एका नर्समागे एक पेशंट वाढला की सर्जरीचा पेशंट ३० दिवसांत दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्सच्या बर्नआउटची (कामाने पार खचून जाण्याची) २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. ही भाषा प्रशासनाला कळते. इनचार्ज कितीही मायाळू असली तरी ती नसलेली माणसं आणू शकत नाही, हे स्पष्ट शब्दांत लिही.

दुसरं म्हणजे टोरांटो. २००३ च्या सार्समध्ये (श्वसनाच्या आजाराची साथ) तिथल्या एका हॉस्पिटलच्या नर्सेस सांगत होत्या की साथ संपलेली नाही, वरच्यांनी मनावर घेतलं नाही आणि दुसरी लाट आली. त्या साथीत कॅनडात दोन नर्सेस आणि एक डॉक्टर गेले. नंतरच्या चौकशी आयोगाने सांगितलं की शंभर टक्के खात्री होईपर्यंत थांबू नका, आधी संरक्षण द्या. म्हणून खालून आलेल्या तक्रारीला किती तासांत आणि कोण उत्तर देणार हे लेखी मागून घे. ऐकून घेणं आणि उत्तर देणं यात फार अंतर असतं, मी ते आयुष्यभर बघितलंय.

धागाकर्ती

मॅडम, खूप आभार. तासांचं डोक्यातच आलं नव्हतं. आता रोस्टर किती दिवस आधी लागणार, ऐनवेळी बदललं तर बदली ऑफ कधी मिळणार, आणि किट नसेल तर आत जायचं नाही म्हणणाऱ्या मुलीवर कारवाई होणार नाही, हे तीन मुद्दे प्रशासनाच्या सहीसाठी वेगळे काढते. हँडओव्हर, नवीन मुलींची जोडी, रोज वॉर्डात दिसणं हे इनचार्जच्या नावावर.

इनचार्जने कोणाकडे बोलायचं तो प्रश्न मात्र तसाच राहिलाय. कोणाच्या हॉस्पिटलमध्ये सगळ्या इनचार्ज मिळून आठवड्यातून एकदा बसतात का, मेट्रन किंवा सुपरिंटेंडंट समोर नसताना? असेल तर कसं चालतं, ड्युटीच्या वेळेत धरतात का, प्लीज सविस्तर लिहा.