चीनच्या बेयांग आरमाराचा खलाशी: झेंडा बरोबर आहे का?

प्रश्न: १/६ मापाचा, साधारण ३० सेंमी उंच चिंग राजवटीतल्या चिनी खलाशाचा पुतळा घेतोय. पेटीवर ‘तिंगयुआन, १८९४’ असं युद्धजहाजाचं नाव नि साल लिहिलंय. पाठीवरची वेणी काय सुरेख गुंफलीय! पण सोबतचा ड्रॅगनचा पिवळा झेंडा त्रिकोणी आहे. चालेल?

उत्तर: नाही. त्रिकोणी झेंडा आधीचा. १७ सप्टेंबर १८९४ च्या यालूच्या चीन-जपान आरमारी लढाईत आयताकृतीच होता. खलाशी मात्र सोडू नका.

उत्तर: तिंगयुआन जर्मनीत श्टेटिनला बांधलेलं, ३०५ मिमीच्या क्रुप कंपनीच्या तोफांचं. यालूत तगलं, फेब्रुवारी १८९५ मध्ये चीनच्या वेइहाइवेइ बंदरात जपानी टॉर्पेडोने निकामी केलं.

प्रश्नकर्ता: मग ठरलं, घेतोच. आयताकृती झेंडा मीच रेशमावर रंगवतो. ड्रॅगनचं तोंड काठीकडेच ठेवायचं ना?

उत्तर: हो, काठीकडेच.