तासाला साठच मिनिटं का? शंभर का नाहीत?

पाचवीची आई: लेकीला घड्याळाची गणितं शिकवतेय. २ तास ४५ मिनिटांत ३० मिळवले की ती बिनधास्त "२ तास ७५" लिहिते. वर मलाच विचारते, रुपयाचे शंभर पैसे, मग तासाचंच काय वेगळं? काय सांगू?

घड्याळदुरुस्तीवाला: ताई, खापर मेसोपोटेमियावर फोडा, म्हणजे आजच्या इराकवर. तिथले लोक साठाच्या पटीत हिशेब करत. ६० ला २, ३, ४, ५, ६ सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. १०० ला ३ ने भागून बघा!

येल विद्यापीठात तिथली एक मातीची पाटी आहे, तळहातात मावेल एवढी, साडेतीन हजार वर्षांहून जुनी. त्यावर चौरस, त्याचे कर्ण आणि २ चं वर्गमूळ साठाच्या पद्धतीत: १, २४, ५१, १०, म्हणजे १ + २४/६० + ५१/३६०० + १०/२१६०००. मी कॅल्क्युलेटरवर करून पाहिलं, पहिली पाच दशांश स्थळं तंतोतंत. ओल्या मातीत बोरू टोचून! आपल्याकडे येणारी पोरं मोबाइल काढल्याशिवाय बाराचा पाढा म्हणत नाहीत, असो.

२४ तास मात्र इजिप्तकडून आले. बारा दिवसाचे, बारा रात्रीचे.

नुसता वाचक: शंभर मिनिटांचा तास कुणी करून पाहिलाच नाही?

घड्याळदुरुस्तीवाला: पाहिला की! फ्रेंच राज्यक्रांतीत, १७९३ साली. दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटं. तशी घड्याळंही बनली. १७९५ मध्ये सक्ती गुंडाळली. त्याच मंडळींचा मीटर तेवढा टिकला.

पाचवीची आई: हे ऐकून ती म्हणेल, मी फ्रेंच पद्धतीने सोडवते!

घड्याळदुरुस्तीवाला: मग ७५ मधले ६० उचलून तासाच्या घरात टाकायला लावा. ३ तास १५.