इगी पॉपचं पुनरागमन: एक बँड की पाहुण्यांची पंगत?

तळमजला (धागाकर्ता)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे झोडपणाऱ्यांना सोपं जाईल. पंक रॉकमधला जुनाजाणता गायक साठी-सत्तरीत इतरांना हाताशी धरून अल्बम काढतो, तेव्हा एकच छोटा बँड, एकच जागा आणि संगीताची सूत्रं एकाच्याच हातात, हेच चालतं. दर गाण्याला नवा वादक बसवला की अल्बम होत नाही, पाहुण्यांची पंगत होते.

पुरावा पंकचा जुना गायक इगी पॉप याच्याच घरचा. 'स्कल रिंग' (२००३): दोन गाणी ग्रीन डेबरोबर, दोन पीचेसबरोबर, एक सम ४१बरोबर, चार त्याच्या जुन्या बँडच्या, म्हणजे स्टूजेसच्या, ॲशटन बंधूंबरोबर आणि उरलेली त्याच्या तेव्हाच्या बँडबरोबर. 'एव्हरी लूझर' (जानेवारी २०२३): निर्माता अँड्रू वॉट, सोबत गन्स अँड रोझेसचा डफ मकेगन, रेड हॉट चिली पेपर्सचा चॅड स्मिथ, पर्ल जॅमचा स्टोन गोसार्ड, ब्लिंक १८२चा ट्रॅव्हिस बार्कर, फू फायटर्सचा दिवंगत टेलर हॉकिन्स... यादी वाचतानाच दम लागतो.

या दोहोंच्या मधला 'पोस्ट पॉप डिप्रेशन' (१८ मार्च २०१६). क्वीन्स ऑफ द स्टोन एजचा जॉश होमी, त्याच बँडमधला डीन फर्टिटा, आर्क्टिक मंकीजचा ड्रमर मॅट हेल्डर्स आणि इगी. चौघं, बस. जानेवारी २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात, जॉश्वा ट्रीजवळच्या रँचो दे ला लुना या घरवजा स्टुडिओत गुपचूप सुरुवात झाली, उरलेलं काम बरबँकच्या पिंक डकमध्ये. खर्च इगी आणि होमीने स्वतःच्या खिशातून केला, त्यामुळे डोक्यावर कुठली कंपनी नव्हती. त्याआधी इगीने होमीला कागदांचं बाड पाठवलं होतं. त्यात डेव्हिड बोवीबरोबरचे १९७७ चे दोन अल्बम ('द इडियट' आणि 'लस्ट फॉर लाइफ') कसे घडले याच्या नोंदी होत्या, शिवाय स्वतःच्या आयुष्यावरचं बरंच काही. म्हणजे स्टुडिओचं दार उघडण्याआधीच विषय ठरलेला होता.

निकाल: नऊ गाणी, सुमारे ४१ मिनिटं, अमेरिकेत बिलबोर्डच्या खपाच्या यादीत १७वा आणि ब्रिटनमध्ये ५वा क्रमांक. त्याआधी अमेरिकेतली त्याची सगळ्यात वरची मजल ७२, तीही 'द इडियट'ची. (तो अल्बमही १८ मार्चलाच आलेला, १९७७ साली.)

कर्कश

आकडे दिलेत, आता त्यांचा संदर्भही द्या की. बोवी १० जानेवारी २०१६ ला गेला. अल्बमची घोषणा २१ जानेवारीला, आणि त्याच रात्री हा बँड स्टीव्हन कोल्बेअरच्या टीव्ही कार्यक्रमात वाजवत होता. सगळं जग बोवीच्या बर्लिनच्या दिवसांच्या (इगीबरोबरचे ते दोन अल्बम त्याच काळातले) आठवणी काढतंय आणि नेमका तेव्हा त्याच दिवसांची सावली असलेला अल्बम येतोय. कुणी डाव साधला असं मी म्हणत नाही, रेकॉर्डिंग वर्षभर आधीचं आहे. पण १७वा क्रमांक सरसकट 'छोट्या बँड'च्या खात्यावर जमा करू नका.

दुसरं, त्यात पंक आहे कुठे? 'गार्डेनिया' नाचाच्या ठेक्यावर, 'व्हल्चर' अकूस्टिक गिटारवर, 'संडे' शेवटी तंतुवाद्यांत विरून जातं. सुंदर आहे, मान्य. पण तो होमीचा अल्बम आहे आणि त्यात पाहुणा गायक म्हणून इगी पॉप! 'एव्हरी लूझर'चं पहिलंच 'फ्रेन्झी' लावा. पंचाहत्तरीचा माणूस तीनेक मिनिटं दात-ओठ खाऊन शिव्या देतोय आणि खाली मकेगनचा बेस खरवडतोय. पुनरागमन म्हणतात ते हे.

आणि 'स्कल रिंग'ला हिणवण्याआधी एक लक्षात घ्या. त्या चार गाण्यांसाठी रॉन आणि स्कॉट ॲशटन स्टुडिओत आले नसते, तर एप्रिल २००३ मध्ये कोचेला महोत्सवाच्या मंचावर स्टूजेस परत उभे राहिले असते का? पंगतीने बँड परत दिला. होमीच्या अल्बमने काय दिलं? एक दौरा, आणि त्यातही स्टूजेसचं एक गाणं नाही.

तळमजला

> त्यातही स्टूजेसचं एक गाणं नाही

हीच तर शिस्त. मे २०१६ चा रॉयल अल्बर्ट हॉलचा कार्यक्रम पाहा. नवा अल्बम आणि १९७७ चे दोन, एवढ्यावर जवळपास सगळी रात्र. रेकॉर्डवर तिघांनी गिटार, बेस, कीबोर्ड असं आलटून पालटून थरावर थर चढवले होते. ते मंचावर उभं करायला ट्रॉय व्हॅन ल्यूवन गिटारवर आणि मॅट स्वीनी बेसवर, असे दोघे वाढवावे लागले. बेससाठी स्वतंत्र माणूस आल्यावर त्याच गाण्यांना किती वजन आलं, ऐका. गर्दी हवी तिथे वाढवली, स्टुडिओत नाही.

बेसवाली

दोघांचंही अर्धंच पटलं. 'एक बँड, एक खोली' हा मंत्र असेल तर 'द वियर्डनेस'चं (२००७) काय करायचं? मूळचे ॲशटन बंधू, बेसवर माइक वॉट, शिकागोचा इलेक्ट्रिकल ऑडिओ स्टुडिओ, रेकॉर्डिंगला स्टीव्ह अल्बिनी. बाहेरचा पाहुणा जवळपास नाहीच, सगळे समोरासमोर वाजवतायत. तळमजला यांच्या पाककृतीतलं सगळं सामान हजर आहे, आणि अल्बम? स्टूजेसच्या यादीत सगळ्यात तळाला. रिफ (गिटारचे परत परत येणारे तुकडे) अर्धे कच्चे, आणि गळा त्याला न झेपणाऱ्या पट्टीत ताणलेला.

कारण अल्बिनी कोण होता ते बघा. तो स्वतःला निर्माता म्हणवून घेत नसे. 'रेकॉर्ड केलं' एवढंच श्रेय, ठरलेली फी आणि रॉयल्टीला नकार. बँड जे वाजवेल ते प्रामाणिकपणे टेपवर उतरवायचं. दमदार गाणी घेऊन येणाऱ्या बँडला यासारखं सुख नाही. पण चौतीस वर्षांनी नवा स्टुडिओ अल्बम करणाऱ्यांना कुणीतरी 'हे गाणं टाकून द्या', 'पट्टी दोन स्वर खाली घ्या' असं तोंडावर सांगायला हवं होतं. तसा माणूस तिथे ठेवलेलाच नव्हता.

म्हणून मोजायचंच असेल तर डोकी मोजू नका, नकाराधिकार कोणाकडे होता ते बघा. १९७७ मध्ये तो बोवीकडे होता, २०१५ मध्ये होमीकडे. २०२३ मध्ये अँड्रू वॉटकडेही होताच, म्हणून 'एव्हरी लूझर' पंगत असूनही विस्कळीत वाटत नाही.

कर्कश

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत)!

मिक्सर चालू

नकाराधिकार वगैरे ठीक, पण या अल्बमांतला फरक कानाला जाणवतो तो गळ्यासाठी किती जागा मोकळी ठेवली त्यावरून. इगीचा आताचा आवाज खर्जातला. असा आवाज बोलल्यासारखा गातो तेव्हा त्याचा मूळ स्वर साधारण ८० ते १२० हर्ट्झमध्ये घोळतो. गिटारची सर्वांत जाड तार ८२ हर्ट्झला, बेसची ४१ला, म्हणजे बेसचा दुसरा स्वरांशही (मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा) ८२लाच. होमीची ओळख तर तारा 'सी'पर्यंत उतरवण्याची, तिथे गिटारची तळाची तार ६५ला जाते. सगळे एकाच गल्लीत.

'पोस्ट पॉप डिप्रेशन'मध्ये होमीने आपला नेहमीचा जाडजूड फझ (गिटारचा मुद्दाम फाटका केलेला आवाज) बराचसा बाजूला ठेवलाय. गिटार पातळ, तुटक आणि वरच्या पट्टीत, ड्रम कोरडे. गळा मधोमध आणि इतका जवळ की ओठ सुटल्याचा आवाज येतो. 'एव्हरी लूझर'च्या दणकट गाण्यांत गिटारची भिंत उभी आहे, म्हणून गळ्याला वरच्या पट्टीत जाऊन ओरडावंच लागतं. कर्कश यांना जो जोश वाटतो, त्यातला थोडा नाइलाज आहे.

खर्जातला वयस्क गळा रेकॉर्ड करताना ज्या गोष्टी हमखास चुकतात, त्या इथेच लिहून ठेवतो:

माइक पाच-सात सेंटीमीटरवर आणला की तळ आपोआप फुगतो. तो फुगारा हवाच असतो, पण ७०-८० हर्ट्झखालचं कापलं नाही तर प्रत्येक 'प' आणि 'ब'ला स्पीकर धपकन हलतो. माइक तोंडासमोर सरळ न धरता थोडा तिरका ठेवला की निम्मं काम होतं. गिटारमधून १५० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल काढा. गळ्यात वाढवत बसू नका. काँप्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) एकच जोरात लावण्यापेक्षा दोन हलके लावा, प्रत्येकी तीन-चार डेसिबल दाबणारे, नाहीतर श्वास गाण्यापेक्षा मोठा होतो. खर्जाच्या गळ्यावर तोच गळा दुसऱ्यांदा चढवला की चिखल होतो. दुहेरी हवाच असेल तर वरच्या सप्तकात कुजबुज घ्या. आणि बोलल्यासारख्या गाण्यावर स्वरदुरुस्तीचं सॉफ्टवेअर चालवू नका. ते सॉफ्टवेअर घसरत जाणाऱ्या स्वराला पायऱ्या पाडतं आणि सगळा तोरा जातो.

टेक (गाऊन रेकॉर्ड करण्याच्या खेपा) तीन-चार, फार तर. त्यानंतर सूर सुधारतो आणि माणूस हरवतो.

कर्कश

> त्यातला थोडा नाइलाज आहे

असेल! स्टूजेसचा 'रॉ पॉवर'ही (१९७३, मिक्स बोवीचं) नाइलाजच होता. बोवीने नंतर सांगितलं की २४ ट्रॅकच्या टेपवर वापरलेले तीनच सापडले. एकावर अख्खा बँड, एकावर लीड गिटार, एकावर गळा. मग मिक्स करायचं काय? गळा आणि लीड वर-खाली करायचे, बस. वर्षानुवर्षं लोकांनी त्या मिक्सला शिव्या घातल्या, शेवटी १९९७ च्या आवृत्तीसाठी इगीने स्वतः नव्याने मिक्स केलं, सगळे काटे लाल रेषेपार. ऐकताना कान दुखतात, आणि आजही अर्धे लोक बोवीचंच मिक्स लावतात. जागा-बिगा सोडून पंक होत नसतो, साहेब.

मिक्सर चालू

तेव्हा इगी पंचविशीत होता. वरच्या पट्टीत गिटारच्याही डोक्यावरून जाणारी किंकाळी होती त्याच्याकडे, तिला जागेची गरजच नव्हती. अडुसष्टाव्या वर्षी ती किंकाळी रोज मिळत नाही. 'पोस्ट पॉप डिप्रेशन'मधल्या 'पराग्वे'च्या शेवटी ती मिळाली, म्हणून होमीने अख्ख्या अल्बमभर तिची वाट पाहायला लावलं.

सुई आणि खाच

'पराग्वे'चा विषय निघालाच आहे म्हणून. साडेसहा मिनिटांच्या आसपासचं गाणं, उत्तरार्धात शिव्यांचा पट्टा, आणि अल्बममध्ये सगळ्यात शेवटी. तबकडीवर याचा अर्थ आतल्या खाचांमध्ये. तिथे प्रत्येक फेरीला सुईखालून जाणारी लांबी बाहेरच्या खाचेच्या निम्म्याच्या आसपास उरते, म्हणून 'स' आणि 'श' फरफरतात. साधी शंकूच्या टोकाची सुई असेल तर तो पट्टा चुरचुरतो आणि लोक दोष प्रेसिंगला (तबकडीच्या छपाईला) देतात. लंबवर्तुळाकार टोकाची सुई लावा आणि कार्ट्रिजचा (सुई धरणाऱ्या भागाचा) कोन तपासा, बराच फरक पडतो.

४१ मिनिटं म्हणजे एका बाजूला वीसेक. मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या वेगाला २२ मिनिटांपर्यंत आवाजाची पातळी राखता येते, पुढे खाचा जवळ आणाव्या लागतात आणि तळ कमी करावा लागतो. 'स्कल रिंग' एका तबकडीत मावणाराच नाही, तो सीडीच्या जमान्यातला ऐवज. जागा आहे म्हणून भरली. पंगतीचा खरा दोष मला तिथे दिसतो: नावं जोडली की कुणाचंच गाणं गाळता येत नाही. ग्रीन डेची दोनांतली एकच घेतो, असं कोण सांगणार? (मार्च २०२५ ला लोलापलूझा महोत्सवासाठी ग्रीन डे मुंबईत आले, तेव्हा त्या दोन गाण्यांची आठवणही कुणी काढली नाही, यातच काय ते समजा.)

बेसवाली

गाळण्याचा मुद्दा बिनतोड. त्यात कागदपत्रांची भर घाला. पाहुणा वादक दुसऱ्या कंपनीशी बांधलेला असेल तर तिची लेखी परवानगी लागते. गाण्याच्या श्रेयाचे टक्के रेकॉर्डिंगच्याच दिवशी एका कागदावर सह्या घेऊन ठरवले नाहीत, तर अल्बम तयार होऊन पडून राहतो. चौघांचा बँड असेल तर हे एका जेवणात उरकतं.

लांबून फाइली पाठवून काम करणाऱ्यांसाठी आणखी एक, कारण हा घोळ फार होतो. सगळ्यांनी रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर करायचं, आणि प्रत्येक फाइल गाण्याच्या शून्यापासून, मधूनच सुरू होणारी नाही. कुणाच्या प्रोजेक्टने ४४.१ची फाइल न बदलता ४८ समजून वाजवली तर वेग जवळपास नऊ टक्के वाढतो आणि सूर जवळपास दीड अर्धस्वर (सेमिटोन) चढतो. ड्रम असे चढले तर पटकन कळत नाही, नुसतं 'टाइट' वाटतं, आणि त्यावर गायक चुकीच्या पट्टीत गाऊन मोकळा होतो.

तळमजला

नकाराधिकाराचा मुद्दा मान्य, माझ्या मूळ मांडणीत तो 'सूत्रं एकाच्या हातात' एवढ्यातच उरकला होता. पण वॉटच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. ऑझी ऑस्बर्नचा 'ऑर्डिनरी मॅन' (२०२०) लावा: वॉट गिटारवर, मकेगन बेसवर, स्मिथ ड्रमवर. मग 'एव्हरी लूझर'ची जोरकस गाणी लावा. स्नेअरचा (ड्रमसेटमधल्या कडक वाजणाऱ्या ड्रमचा) तोच फटका, कोरसच्या आधीची ड्रमची तीच भरणी. नकार देणारा माणूस आहे, पण तो सगळ्यांना एकाच साच्यात होकार देतोय. हेल्डर्सने आर्क्टिक मंकीजमध्ये जे वाजवलं ते 'पोस्ट पॉप डिप्रेशन'मधल्या 'अमेरिकन व्हॅल्हाला'त कुठे ऐकू येतं, दाखवा.

कर्कश

त्याच अल्बममधलं 'जर्मन डेज'. धावता ठेका, टॉम ड्रमवरची दौड. बँड बदलला तरी हात तेच असतात. आणि स्मिथचा स्नेअर ओळखू येतो ही तक्रार असेल, तर स्टूजेसच्या ड्रमवरच्या स्कॉट ॲशटनचा पण ओळखू यायचा, त्याला आपण 'शैली' म्हणायचो.

मिक्सर चालू

ॲशटन एकाच बँडचा होता. स्मिथ भाड्याने मिळतो.

कर्कश

हेल्डर्सही भाड्यानेच आला होता!

बेसवाली

भाडं दोघांनीही घेतलं. फरक इतकाच की हेल्डर्सला गाणं बसेपर्यंत इगीसमोर बसवून ठेवलं होतं.