महिनोन्महिने चालायच्या वाटा: तुमचे अनुभव सांगा

सह्याद्रीत दोन-तीन दिवसांची तंगडतोड इथल्या बऱ्याच जणांनी केली असेल. हा धागा त्यापुढच्या चालण्यासाठी आहे. कित्येक आठवडे, कधी महिने लागतात अशा वाटांसाठी. त्यांचे नकाशे, सॅकचं वजन, बुटांच्या तुलना हे सगळं कुठेही वाचायला मिळतं. मला दुसरंच विचारायचंय. एवढी लांबलचक वाट आपोआप टिकत नाही. कोणीतरी खुणा रंगवतं, कोणी पाणी देतं, कोणी रात्री दार उघडतं. तुम्ही जी वाट चाललात, पूर्ण किंवा पाव, ती कोण राखतं? तिथे तुमचं कोणी केलं? ज्यांनी अजून पाऊल टाकलेलं नाही, त्यांनी मनातली वाट लिहा.

सुरुवात मी करते.

मी चालले ती वाट म्हणजे कामिनो फ्रान्सेस. फ्रान्समधल्या सँ-जाँ-पिए-द-पोरपासून पिरेनीज ओलांडून स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेलापर्यंत, साधारण 780 किलोमीटर. येशूचा शिष्य संत जेम्स याची समाधी तिथे आहे या श्रद्धेने मध्ययुगापासून युरोपभरातले यात्रेकरू तिकडे चालत जात आले आहेत. आज दगडांवर, विजेच्या खांबांवर, गोठ्यांच्या भिंतींवर पिवळे बाण दिसतात आणि ते पाहत माणूस निर्धास्त चालतो. हे बाण मात्र आपल्या हयातीतले. ओ सेब्रेइरो या डोंगरावरच्या गावचे धर्मगुरू एलियास वालिन्या यांनी 1980 च्या दशकात गाडीत पिवळ्या रंगाचे डबे घेतले आणि वाट रंगवत नेली. तेव्हा इथून चालणारे अगदी मोजके होते. वालिन्या 1989 मध्ये गेले, 1993 मध्ये ही वाट युनेस्कोच्या जागतिक वारशात आली आणि आता वर्षाला काही लाख माणसं सांतियागोला पोचतात.

मुक्काम आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत. बूट दारातल्या फडताळावर काढून ठेवायचे, आत न्यायचे नाहीत. एका संध्याकाळी माझे बूट पावसात पार भिजले होते. तिथल्या बाईंनी जुन्या वर्तमानपत्राचे बोळे करून दोन्ही बुटांत अगदी चवड्यापर्यंत कोंबले. तासाभराने ओले बोळे काढले, कोरडे भरले. झोपायच्या आधी परत एकदा. सकाळी मोजे घालून पाय आत सरकवला तर बूट जवळजवळ सुके होते. त्या बाई पगारी नव्हत्या. काही आल्बेर्गे स्वयंसेवक चालवतात. स्वतः कधीतरी चाललेली माणसं सुट्टी काढून पंधरा-पंधरा दिवस येतात आणि परक्यांच्या गाद्या झाडतात, संडास धुतात.

आता तुम्ही लिहा.

न्यू जर्सीहून

ॲपलेचियन ट्रेल. जॉर्जियातल्या स्प्रिंगर माउंटनपासून मेनमधल्या कटाडिनपर्यंत, 14 राज्यांतून, सुमारे 3,500 किलोमीटर. नोकरी, मुलांच्या शाळा सांभाळून सहा महिने सलग मिळणं मला शक्य नाही, म्हणून मी तुकड्यातुकड्याने चालतो. न्यू जर्सीतला भाग झाला, न्यू यॉर्कमधला झाला, सध्या पेनसिल्व्हेनियाच्या टोकदार दगडांमध्ये बुटांचे तळवे झिजवणं चालू आहे.

बेंटन मकाय यांनी 1921 मध्ये ही कल्पना मांडली. पहिला तुकडा 1923 मध्ये न्यू यॉर्कजवळच्या बेअर माउंटनला खुला झाला आणि 1937 मध्ये पूर्ण वाट जोडली गेली. खूण म्हणजे झाडावरचा पांढरा पट्टा, दोन इंच रुंद, सहा इंच उंच. एकावर एक असे दोन पट्टे दिसले की समजायचं, पुढे वळण आहे, लक्ष द्या.

‘कोण राखतं’ हा प्रश्न आवडला, कारण चालण्याइतकाच मी आता त्यात रमलोय. तीसेक स्थानिक क्लब आपापला भाग सांभाळतात आणि अंगमेहनत जवळजवळ सगळी स्वयंसेवकांची. पट्टा रंगवायचा तर आधी खरवडणीने साल हलक्या हाताने गुळगुळीत करायची, झाडाला जखम होऊ द्यायची नाही, मग कडा सरळ राखत रंग लावायचा. खरं कष्टाचं काम पाण्याचं. उतारावर पावसाचं पाणी वाटेलाच ओढा करतं आणि दोन-चार वर्षांत माती धुऊन नुसती मुळं उघडी पडतात. म्हणून वाटेवर तिरका दगड किंवा ओंडका गाडतात, म्हणजे पाणी बाजूला निघून जातं. पहारीने दगड हलवायचा, खड्डा खणायचा, दगड बसवायचा, वर उभं राहून तो डुगडुगतोय का ते बघायचं. डुगडुगला तर पुन्हा बाहेर काढायचा. चौघांची अख्खी सकाळ एका दगडात जाते. त्यानंतर पाऊस पडला की मी मुद्दाम बघायला जातो. पाणी दगडापाशी वळून झाडीत शिरताना दिसलं की फार बरं वाटतं.

जॉर्जियाहून वसंतात निघालेले उन्हाळ्यात आमच्याकडे पोचतात. गाडीरस्ता लागतो तिथे आम्ही काही मराठी कुटुंबं थंड ताक, कोथिंबीरवड्या आणि कलिंगड घेऊन बसतो. महिनोन्महिने शेवया आणि शेंगदाण्याच्या लोण्यावर काढलेली ती माणसं वड्या कशी खातात ते एकदा बघाच.

माझं दैवत म्हणजे एमा गेटवुड. 1955 मध्ये, वयाच्या 67 व्या वर्षी, खांद्यावर स्वतः शिवलेली पिशवी आणि पायात साधे कॅनव्हासचे बूट घालून ती ही वाट एकटी चालली. अशी एका दमात एकटीने चाललेली पहिली बाई. तिला अकरा मुलं होती.

ठाण्याहून

परदेशातल्या वाटा वाचून छान वाटलं. पण महिनोन्महिने चालायच्या वाटांत नर्मदा परिक्रमा का राहावी? नदी 1,312 किलोमीटरची. दोन्ही काठ, वळणं, डोंगर धरून चालणं अडीच हजार किलोमीटरच्या वर जातं. नदी कायम उजव्या हाताला, पात्र ओलांडायचं नाही. शास्त्राप्रमाणे तीन वर्षं तीन महिने तेरा दिवस, चातुर्मासात एका जागी मुक्काम. आता बहुतेक जण एका हिवाळ्या-उन्हाळ्यात चालतात, मीही तसाच चाललो.

ओंकारेश्वरला संकल्प केला, बाटलीत नर्मदाजल भरून घेतलं आणि दक्षिण तटाने पश्चिमेला निघालो. समुद्राशी विमलेश्वरहून नावेने उत्तर तटावर मिठीतलाईला जायचं, मग अमरकंटकपर्यंत प्रवाहाच्या उलट.

राखणारे कोण? आश्रम तर आहेतच. ‘कितनी मूर्ती हैं?’ असं विचारतात आणि तेवढ्यांचं सदावर्त काढतात: डाळ, तांदूळ, पीठ, मीठ. पण मला सांगायचंय शूलपाणीच्या झाडीबद्दल. पूर्वी इथे परिक्रमावासीयांना लुटत, अंगावरचे कपडेही काढून घेत, हे प्रत्येक जण निघण्यापूर्वी ऐकवतो. सरदार सरोवराच्या पाण्याखाली जुनी काठची वाट गेली, जुनं शूलपाणेश्वर मंदिरही गेलं. आता वाट सातपुड्याच्या सोंडांवरून चढते-उतरते आणि बराच पल्ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातला, धडगाव-अक्कलकुवा भागातला आहे.

तिथे एका पावरा कुटुंबाने मला ठेवून घेतलं. घर कुडाचं, वस्तीवर वीज नव्हती. घरच्या आजींनी मक्याचं पीठ कढत पाण्यात मळलं, तळहातावर थापून भाकरी केली आणि पहिली चुलीतून निघालेली माझ्या पानात घातली. सोबत उडदाची डाळ आणि पाट्यावर वाटलेली मिरची. त्यांच्या घरात तेव्हा पिठाचं एकच गाडगं होतं, ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं. सकाळी त्यांचा नातू शाळेला जायच्या आधी माझ्याबरोबर सोंडेच्या माथ्यापर्यंत आला, पुढची वाट बोटाने दाखवली, ‘नर्मदे हर’ म्हणाला आणि धावत खाली गेला. धरणात यातल्या कित्येकांच्या जमिनी गेल्या, आणि त्याच नदीच्या नावाने आलेल्या परक्याला ते जेवू घालतात. शहरात परत आल्यावर परिक्रमेच्या चमत्कारांबद्दल पुष्कळ जण विचारतात. मी या घराबद्दल सांगतो.

जाणाऱ्यांना विनंती: सदावर्त घेताना लागेल तेवढंच घ्या, आणि झाडीतल्या शाळांना निघताना काही देता आलं तर द्या.

ओसाकाहून

वरचं वाचून लिहायला बसले. जपानच्या शिकोकू बेटावर 88 मंदिरांची परिक्रमा आहे, सुमारे 1,200 किलोमीटर. नवव्या शतकातले शिंगोन या बौद्ध पंथाचे आचार्य कूकाई, म्हणजेच कोबो दाइशी, यांच्या नावाने चालतात. पहिलं मंदिर रियोझेन्जी. मी दर वसंतात थोडी थोडी चालते. तेविसाव्या आणि चोविसाव्या मंदिरामध्ये मुरोतोच्या टोकाकडे जाताना 75 किलोमीटर नुसता समुद्र आणि डांबरी रस्ता असतो, तिथे मन शांत होतं की कावतं, ते ज्याचं त्याने बघावं.

तिथेही सदावर्तासारखीच रीत आहे. लोक थांबवून संत्री देतात, चहा देतात, हातावर नाणी ठेवतात. नाही म्हणायचं नसतं. घ्यायचं आणि आपलं नाव लिहिलेली कागदाची पट्टी द्यायची. यात्रेकरूच्या काठीत स्वतः दाइशी असतात असं मानतात. मुक्कामी पोचल्यावर आधी काठीचं टोक धुतात, मग आपले पाय. पुलावर काठी टेकत नाहीत, कारण दाइशी एकदा पुलाखाली झोपले होते. मी पूल आला की काठी उचलते. आता ओसाकातही छत्री उचलली जाते.

नाशिकहून

नेपाळमधलं अन्नपूर्णा सर्किट. वाटेत थोरोंग ला ही खिंड, 5,416 मीटर. तिच्या आधीच्या मनांग गावी एक दिवस जास्त थांबा, हे कळकळीने सांगतो. हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचं केंद्र तिथे हंगामात चालतं आणि डॉक्टर विरळ हवेच्या आजारावर माहिती देतात. आमच्या गटातल्या एकाला तिथेच परत फिरायचा सल्ला मिळाला. तो फिरला आणि ठणठणीत आहे. खिंडीपलीकडे मुक्तिनाथ. तिथल्या 108 धारांखाली गारठलेल्या मराठी आजी-आजोबांची गर्दी पाहून गंमत वाटली.

ग्लासगोहून

ज्यांना आठवडाच मिळतो त्यांच्यासाठी स्कॉटलंडमधला वेस्ट हायलँड वे. मिलगाय ते फोर्ट विल्यम, 154 किलोमीटर, 1980 पासून. तुमची मोठी बॅग पुढच्या मुक्कामी नेऊन ठेवणाऱ्या गाड्या आहेत, पाठ दुखणाऱ्यांनी संकोच न करता वापराव्यात. जून ते ऑगस्ट चावऱ्या चिलटांचा काळ, मे महिना उत्तम. रॅनॉख मूर या उघड्या माळावर आडोसा कुठेच नाही, पावसाचं जाकीट वरच ठेवा.

सांगलीहून

मी निवृत्त शिक्षिका, वय 64. आळंदीहून पंढरपूर वारी अनेकदा केली आहे. धागाकर्तीच्या वाटेचा शेवटचा थोडा भाग तरी चालावा असं फार मनात आहे. उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो. जमेल का? शाकाहारी आहे.

धागाकर्ती

ताई, वारी चालणाऱ्या बाईला नक्की जमेल. सारियापासून सुरू करा. सांतियागो तिथून साधारण 115 किलोमीटर, आणि कोम्पोस्तेला प्रमाणपत्रासाठी पायी 100 लागतात. तुमच्या यात्रेकरू-पुस्तिकेत या टप्प्यात रोज दोन शिक्के घ्या. गावं जवळजवळ आहेत, त्यामुळे रोज बारा-पंधरा किलोमीटरच चाला, घाई नको. बॅग पुढे पाठवायची सोय इथेही आहे. पोर्तोमारीनला नदीकडे उतरताना तीव्र उतार लागतो, गुडघ्यासाठी दोन काठ्या हव्याच. काठ्या चेक-इनच्या सामानात टाका. खाण्यात ब्रेड, चीज, सॅलड, बटाटे, मसुराचं सूप मिळतं. सुपात मांस आहे का ते दर वेळी विचारा, बरेचदा असतं. व्हिसा शेंगेन. मे किंवा सप्टेंबर बघा, तारखा ठरल्या की इथे कळवा. पुस्तिका कुठून घ्यायची ते मी तेव्हा सविस्तर लिहीन.