लॅबचं सेफ्टी इन्स्पेक्शन माझ्या गळ्यात पडलंय, नक्की बघायचं काय?

रबाळे_केमिस्ट

मंडळी मदत करा. रबाळे एमआयडीसीत एका छोट्या टेस्टिंग लॅबमध्ये आहे, पाणी, ईटीपीची (कारखान्यांच्या सांडपाणी प्लांटची) सॅम्पल्स, थोडं दूध आणि फूड असं काम, सगळे मिळून २२ जण. सहा वर्षं बेंचवर काढली आणि गेल्या सोमवारी सरांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की आजपासून सेफ्टीचं पण तूच बघ. पगार अर्थातच तोच. तीन आठवड्यांनी एका फार्मावाल्या कस्टमरचं ईएचएस म्हणजे पर्यावरण, आरोग्य, सेफ्टीचं ऑडिट आहे, त्याच्या आत आपणच आपली लॅब एकदा तपासून रिपोर्ट द्यायचा म्हणे.

नेटवरनं १४६ मुद्द्यांची चेकलिस्ट काढली, शनिवारी पॅड घेऊन फिरले, पाऊण तासात संपली. फायर एक्स्टिंग्विशर आहे, टिक. आयवॉश, म्हणजे डोळे धुवायचा नळ, आहे, टिक. फ्यूम हूड, म्हणजे केमिकलच्या वाफा ओढून घेणारं कपाट, आहे, टिक. सगळंच टिक झाल्यावर मलाच पटेना, कारण मी तिथलीच आहे, फ्यूम हूडमध्ये आम्ही काय काय भरून ठेवलंय ते मला माहितीये ना. सर म्हणतात एनएबीएलची मान्यता आहे आपल्याकडे, कशाला टेन्शन घेतेस.

आणि दुसरी भानगड म्हणजे मी दिसले की सगळे गॉगल डोळ्यांवर घेतात, मी वळले की परत डोक्यावर. सीनियर मॅडम तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, आल्या बघा इन्स्पेक्टरबाई. हसले मी पण, पण आता परत फिरायची लाज वाटतेय.

घणसोलीकर_७

ताई उगाच मनाला लावून घेऊ नका. ऑडिटर येतो, चहा घेतो, फाइल मागतो. फायरचा फॉर्म बी लागतो, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, तो वर्षातून दोनदा असतो, जानेवारी आणि जुलै, लायसन्सवाल्या एजन्सीकडूनच घ्यायचा. एमपीसीबीची (प्रदूषण मंडळाची) कन्सेंट, हॅझार्डस वेस्टचे मॅनिफेस्ट म्हणजे कचरा पाठवल्याच्या पावत्या, ट्रेनिंगची सह्यांची शीटं, मॉक ड्रिलचे फोटो. एवढं लावून ठेवा, ऑडिट पार पडतं. आमच्याकडे आठ वर्षं असंच चाललंय.

जुना_सेफ्टीवाला

घणसोलीकर, कागद लागतातच, त्याबद्दल वाद नाही. पण फॉर्म बी ने आग विझत नाही हो.

ताई, मी तळोजा आणि टीटीसी (ठाणे-बेलापूर पट्टा) मिळून अठ्ठावीस वर्षं हेच केलं, आता रिटायर होऊन वाशीत नातवाला शाळेत सोडतो. तुमच्या चेकलिस्टचा घोळ असा आहे की त्यात सगळीकडे "आहे का" असं विचारलंय. आहे का विचारलं की उत्तर हो च येणार. पॅड ठेवा बाजूला आणि प्रत्येक गोष्टीला हात लावा, उघडा, ओढा, चालू करा.

आधी एनएबीएलचं, म्हणजे सरांना सांगता येईल. एनएबीएल ज्यावर मान्यता देतं ते आयएसओ १७०२५ हे तुमचे रिझल्ट बरोबर येतात का, त्याचं स्टँडर्ड आहे. सीओडीचा (पाणी किती घाण आहे त्या टेस्टचा) आकडा बरोबर आला म्हणून तो काढणाऱ्याचे डोळे शाबूत राहतील असं त्यात कुठे लिहिलेलं नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या.

आता आयवॉश. एखाद्या मुलाला हूडपाशी उभा करा, डोळे मिटायला सांगा आणि आयवॉशपर्यंत जा म्हणा. दहा सेकंदांत पोचला पाहिजे, अमेरिकन स्टँडर्ड तेच सांगतं, आणि पाणी सलग पंधरा मिनिटं चाललं पाहिजे. मी जिथे जिथे हे करून बघितलं तिथे निम्म्या वेळेला पोरगं खुर्चीला नाहीतर ए-फोर पेपरच्या खोक्याला धडकलं. मग पॅडल दाबा. दोन्ही बाजूंनी सारखं पाणी येतं का, रंग काय, दांडा सोडला तरी चालूच राहतं का, कारण दोन्ही हातांनी पापण्या उघड्या धरायच्या असतात, हात मोकळे लागतात. आठवड्यातून एकदा कुणीतरी ते चालवायला पाहिजे. आणि एक, लाइन कुठून आलीय ते बघा. टाकीवरून आहे की थेट एमआयडीसीच्या लाइनवर? पाण्याचा शटडाऊन असतो त्या दिवशी काय करता?

फ्यूम हूड. टिश्यूची बारीक पट्टी सॅशच्या, म्हणजे पुढच्या सरकत्या काचेच्या, खालच्या कडेला चिकटवा, ती आत ओढली गेली पाहिजे. ही झाली घरगुती टेस्ट, हवेच्या वेगाचा खरा आकडा अ‍ॅनिमोमीटरने घ्यायचा, सेकंदाला साधारण अर्धा मीटर, जुने लोक शंभर फूट पर मिनिट म्हणतात. काही जण अगरबत्ती लावून बघतात, आत सॉल्व्हंट असेल तर कृपा करून तो शहाणपणा करू नका. हूडमध्ये बाटल्यांचं गोडाऊन केलं असेल तर मागच्या बॅफलची (पडद्याची) फट बंद होते आणि मोटर कितीही ओरडली तरी हवा ओढली जात नाही. गच्चीवर जाऊन डक्टचं तोंड कुठे उघडतंय तेही बघा, एका ठिकाणी ते कँटीनच्या खिडकीपासून दहा फुटांवर होतं.

वेस्टचं उद्या लिहितो, नातू उठला.

मोटरवाला_कोपरखैरणे

हूडवरून आठवलं म्हणून लिहितोय. पॅनेलचं काम झाल्यावर फेज उलटसुलट जोडले गेले की हूडचा ब्लोअर उलटा फिरतो, पण सेंट्रिफ्यूगल असेल तर उलटा फिरूनही थोडी हवा ओढतोच, त्यामुळे आवाज येतो, पट्टी पण जराशी हलते आणि कुणाला शंकाच येत नाही. केसिंगवर बाण असतो, त्याच्याशी फिरायची दिशा ताडून बघा. एका गिऱ्हाइकाकडे वर्षभर उलटा चालला होता, ते बिचारे फिल्टर बदलत बसले होते.

स्टेशनरोड_लॅबमामा

मी ठाण्यात कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबला असिस्टंट, पोरं मामा म्हणतात. शिक्षण बेताचं पण बाटल्या तेवीस वर्षं धुतल्यात म्हणून लिहितो. वेस्टच्या कॅनवर नुसतं वेस्ट लिहिलेलं असलं तर समजा की मालकाला पण माहीत नाही आत काय आहे. आमच्याकडे एकदा नायट्रिकचं धुवण कुणीतरी अ‍ॅसिटोनच्या वेस्टमध्ये ओतलं, झाकण घट्ट लावलं आणि घरी गेला. त्या वेळी काही झालं नाही. आत हळूहळू गॅस होत राहिला आणि सकाळी मी दार उघडलं तर काचा समोरच्या भिंतीपर्यंत. साडेसातची वेळ, पोरं नऊला येतात. तेव्हापासून नायट्रिकची बाटली मी अ‍ॅसिटिकच्या कपाटात पण ठेवू देत नाही, दोन्ही अ‍ॅसिड म्हणून शेजारी ठेवतात ते चूक आहे, अ‍ॅसिटिक हे ऑरगॅनिक, पेटणारं. अ‍ ते ज्ञ अशी लायनीत मांडणी दिसायला छान, पण केमिकलला मुळाक्षरं कळत नाहीत.

जुना_सेफ्टीवाला

मामा, हे सगळं तुमच्या एचओडींना लिहून द्या, खरंच.

ताई, आता तुमचंच काम घेऊ, सीओडी. डायक्रोमेट म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम, क्लोराइड धरायला मर्क्युरिक सल्फेट, वर सिल्व्हर सल्फेट, आणि हे सगळं कॉन्सन्ट्रेटेड सल्फ्युरिकमध्ये दोन तास उकळलेलं. टेस्ट झाली की ट्यूबमधलं ते हिरवं नाहीतर नारिंगी कुठे जातं? बेसिनमध्ये जात असेल तर दुसऱ्याच्या ईटीपीचं पाणी तपासणारी लॅबच पारा ड्रेनमध्ये सोडतेय. वेगळा कॅन, लेबल, खाली ट्रे, आणि साठवायची मुदत ९० दिवस, त्याच्या आत तळोज्याच्या हॅझार्डस वेस्टच्या साइटला मॅनिफेस्टवर गेलं पाहिजे. मॅनिफेस्टमध्ये सीओडीचं वेस्ट दिसतच नाही आणि रजिस्टरमध्ये महिन्याला तीनशे सीओडी, हे हुशार ऑडिटर पाच मिनिटांत पकडतो. घणसोलीकर, तुमच्या फाइली अशा आडव्या वाचायच्या असतात.

मेटल मोजायला एएएस मशीन असेल तर अ‍ॅसिटिलीन बघा. मरून रंगाचा सिलिंडर, उभाच ठेवायचा, आत अ‍ॅसिटोन असतं. साखळी सुतळीची नको, लोखंडी हवी, भिंतीला. लाइनमध्ये कुठे तांब्याची ट्यूब घातली असेल तर त्याच दिवशी बंद करा, तांब्याशी अ‍ॅसिटिलीनचं जे तयार होतं ते धक्क्याने फुटतं. प्रेशर १५ पीएसआयच्या वर न्यायचं नाही. साबणाच्या पाण्याने जॉइंट तपासा.

सिलिंडर म्हटलं की लोक हसण्यावारी नेतात. डिसेंबर २०१८ ला बंगळुरूच्या आयआयएस्सीत हायड्रोजनच्या सिलिंडरचा स्फोट होऊन एक संशोधक गेला, तीन जखमी. शिकलेल्या माणसांची लॅब होती ती.

कळव्याची_लॅबवाली

पॅथॉलॉजीवाल्यांचं पण टाकते, कुणाला उपयोगी पडलं तर. आमच्याकडे घाण वेगळी, नियम २०१६ चे, बायोमेडिकल वेस्टचे. कुठला कचरा कुठल्या रंगात, पिवळी, लाल, पांढरी, निळी, हे सगळ्यांना पाठ असतं पण इन्स्पेक्शनला मी थेट पांढरा डबा बघते, सुई टोपण लावून टाकलीय का. टोपण लावलेलं दिसलं म्हणजे कुणीतरी दुसऱ्या हाताने ते लावलं आणि तिथेच टोचतं. कल्चर प्लेट आधी ऑटोक्लेव्ह, मग पिवळ्या पिशवीत. ऑटोक्लेव्हची टेप काळी झाली म्हणून खूश व्हायचं नाही, ती बाहेरून गरम झालं एवढंच सांगते, आतला माल खरंच मेला का त्यासाठी स्पोअरची (चिवट जंतूंची) टेस्ट वेगळी करायची. आणि ४८ तासांच्या वर कचरा ठेवायचा नाही, गाडी शनिवारी चुकली की सोमवारपर्यंत काय ते आधीच ठरवा.

फ्रिज उघडायला विसरू नका. रिएजंटच्या फ्रिजमध्ये लिंबूसरबताची बाटली मला दोनदा सापडलीय, आणि दोन्ही वेळा डॉक्टरांची निघाली.

घणसोलीकर_७

सीओडीच्या मॅनिफेस्टवरून जरा आमची फाइल चाळली. यावर जास्त बोलत नाही.

रबाळे_केमिस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार, आज परत फिरले. पॅडशिवाय.

आयवॉश: पहिली दोन मिनिटं चहासारखं पाणी, डावा जेट बंदच. लाइन थेट एमआयडीसीवरून आहे. मागच्या महिन्यात शटडाऊनच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी बिसलरीच्या बाटल्यांवर दिवस काढला होता आणि सीओडी मात्र नेहमीसारख्या लावल्या होत्या, हे आज डोक्यात आलं. प्लंबर उद्या टाकीची लाइन देतोय.

हूड: पट्टी ढिम्म. आतून ३१ बाटल्या काढल्या, त्यातल्या चारवर लेबलच नव्हतं. काढल्यावर पट्टी आत गेली. बाण आणि फिरणं दोन्ही जुळतंय, मोटरवाले दादा, तुमच्यामुळे पहिल्यांदा गच्चीवर चढले. सिलिंडरला साखळी आहे पण ती भिंतीत नाही, टेबलाच्या पायाला. टेबलाला चाकं आहेत 🤦

आणि सीओडी. बेसिनमध्येच जात होतं. सहा वर्षं. मीच ओतत होते, खूप नळ सोडून, म्हणजे डायल्यूट होतं असं आमच्यात म्हणतात. रिपोर्टमध्ये हे कसं लिहू? आणि बाकीच्यांची नावं घालायची का?

जुना_सेफ्टीवाला

नाव कुणाचंच नाही. "बेंच तीन, सीओडीचं वेस्ट सिंकमध्ये जातं, कॅन नाही" एवढंच. पुढे काय करायचं, कोण करणार, कधीपर्यंत. नाव लिहिलंत की पुढच्या वेळी तुम्ही यायच्या आत सगळं लपवलेलं असेल. पण पहिला मुद्दा तुमच्याच बेंचचा घाला, आणि मीटिंगमध्ये तोंडाने सांगा की हे मी करत होते. नळ सोडून पारा कमी होत नाही, फक्त लांब जातो.

रबाळे_केमिस्ट

सांगितलं आज मीटिंगमध्ये. दोन मिनिटं कुणी काही बोललंच नाही. मग जेवणाच्या सुट्टीत त्या सीनियर मॅडम आल्या आणि म्हणाल्या चल, तुला एक दाखवते. दूधाचं फॅट काढायचं रोझ-गॉटलिब आम्ही करतो, त्याच्या डायइथाइल ईथरची एक बाटली खालच्या कपाटात मागे पडलीय, उघडलेली, अर्धी, तारीख २०१७. झाकणाच्या कडेला पांढरं काहीतरी जमलंय. मॅडम म्हणतात त्यांना तीन वर्षांपासून माहितीये पण काढायची कुणी म्हणून गप्प होत्या. उद्या कॅनमध्ये ओतून टाकू का?

जुना_सेफ्टीवाला

ओतू नका. उचलू नका. झाकणाला अजिबात हात लावू नका. हलवून बघायचा मोह कुणालाही होऊ देऊ नका. ईथर उघडं राहिलं की हवेने पेरॉक्साइड होतं आणि ते पांढरं तेच असू शकतं, झाकण फिरवताना घासूनसुद्धा फुटतं. टेस्ट स्ट्रिप नव्या बाटलीसाठी, ह्याला नाही. कपाट बंद करा, ती खोली रिकामी ठेवा, सरांना आत्ता फोन करा, सकाळी नाही. असलं काढणारी ट्रेंड माणसं असतात, तुमच्या वेस्ट एजन्सीला आत नेमकं काय आहे, किती जुनं आणि पांढरं जमलंय हे स्पष्ट सांगून विचारा. हात लावला नाहीये ना अजून कुणी?

रबाळे_केमिस्ट

नाही लावला. मॅडमनी पण टॉर्च मारूनच दाखवली. कपाटाला कुलूप लावलंय, खोलीच्या दाराला टेप, वॉचमनला सांगितलंय, सर निघालेत ऐरोलीहून. मॅडम घरी न जाता माझ्याबरोबर बाहेर खुर्ची टाकून बसल्यात.

स्टेशनरोड_लॅबमामा

ताई, कपाट एसीच्या मागच्या भिंतीला तर नाही ना? कॉम्प्रेसर थरथरतो. असेल तर एसी बाहेरच्या एमसीबीवरून बंद करा, आत जाऊ नका.

रबाळे_केमिस्ट

तिथेच आहे मामा. बंद केला आत्ता.