प्रतिसाद : ६०० किमीला दीड तास का?

वर विचारलंय की पुणे-नागपूर गूगलवर ६०० किमी दाखवतं, विमान ८०० च्या वेगानं उडतं, म्हणजे पाऊण तास. मग तिकिटावर जवळपास दीड तास कसा?

अंतर बरोबर आहे. हवाई सरळ रेषा साधारण 605 किमी, म्हणजे सवातीनशे सागरी मैल. रस्त्यानं सातशेच्या वर भरतं. घोळ वेळेत आहे. तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो; विमान जागेवरून हललं की सुरू आणि पलीकडे उभं राहिलं की बंद. शिवाय 10,000 फुटांखाली वेग 250 नॉटच्या आत, म्हणजे ताशी 460 किमीच्या आसपास. चढण्या-उतरण्यातच अर्धी मजल संपते. ८०० चा वेग मिळतो तो मधल्या थोड्या वेळापुरता.

मागच्या जानेवारीत रिकामपणचा उद्योग म्हणून घड्याळ लावून बसलो होतो. पुण्याच्या लोहगाव विमानतळावर 6:10 ला हललो, रांगेत थांबून 6:27 ला चाकं सुटली, नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर 7:24 ला टेकली, 7:33 ला उभे. हवेत फक्त 57 मिनिटं! चहाचा कप अर्धा व्हायच्या आत पट्टे बांधा म्हणाले.

येताना मात्र जास्त लागली. हिवाळ्यात वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात, त्यामुळे नागपूरला जाताना पाठीवर आणि पुण्याला येताना तोंडावर. एसटीवाल्यांना घाट, यांना वारा.

आणि लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ आहे, तेव्हा तिथं थोडी ताटकळ गृहीत धराच.